पर्वतीच्या पायथ्याचा गेंडा

पूर्वीं गांवोगांवच्या जत्रांतून सैरबीनवाला येत असे. तिवईवर ठेविलेली रंगीबेरंगी पेटी, तिच्या पोटाला चार-पांच भोकें, भोकांना भिंगें बसविलेलीं, आणि आंत दोन रुळांवर गुंडाळलेली चित्रांची लांबच लांब पट्टी. मुलांनीं पैसा द्यावा, भोकाला डोळा लावावा, आणि बाहेर उभ्या असलेल्या मनुष्यानें एका हातानें घुंगरूं वाजवीत दुसऱ्या हातानें रूळ फिरवावा, असा तो खेळ. दिल्लीचा किल्ला, काशीचे घाट, समुद्रांतील आगबोट, सर्व कांहीं एकामागून एक सरकत जाई. एखादें चित्र मनांत भरलें आणि तें आणखी थोडा वेळ पाहावेंसें वाटलें तरी उपाय नसे. कारण रूळ फिरविणारा हात दुसऱ्याचा होता.

हल्लीं ज्याच्या त्याच्या खिशांत मोबाइल नांवाची सैरबीन आहे. तिच्यासाठीं जत्रेची वाट पाहावी लागत नाहीं आणि वरवर पाहतां रूळ फिरविणारें बोटहि ज्याचें त्याचेंच आहे. परंतु जरा निरखून पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, पुढें कोणतें चित्र यावें हें ठरविणारा कोणी निराळाच आहे, आणि बघणाऱ्यानें कोठेंहि फार वेळ थांबूं नये अशी त्याची इच्छा आहे. सकाळीं पाहिलेल्या शंभर चित्रांपैकीं संध्याकाळीं एकहि आठवत नाहीं, असा पुष्कळांचा अनुभव आहे. चित्रांची हौस असलेल्या मनुष्यानें या यंत्राचा खरा उपयोग करून घ्यावयाचा तर सैरबीनवाल्याकडून रूळ आपल्या हातीं घेतला पाहिजे. तो कसा घेतां येतो याचें एक उदाहरण आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचें आहे. उदाहरण एका जनावराचें आहे, आणि तें जनावर म्हणजे गेंडा.

गेंड्याकडे वळण्यापूर्वीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. युरोप-अमेरिकेंतील मोठमोठ्या संग्रहालयांनीं गेल्या पंधरा वर्षांत आपल्या कोठारांचीं दारें इंटरनेटवर उघडीं केलीं आहेत. अमेरिकेंतील येल विद्यापीठानें सन २०११ मध्यें आपल्या संग्रहांतील चित्रें विनामूल्य देण्याचें ठरविलें. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनें सन २०१२ मध्यें सव्वा लाख कलाकृति लोकांपुढें ठेविल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें सन २०१७ च्या फेब्रुवारींत सुमारें ३,७५,००० चित्रांवरील सर्व निर्बंध काढून टाकले, आणि सन २०२० मध्यें वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेनें एकदम २८ लाख चित्रें मोकळीं केलीं. तत्पूर्वीं अशा चित्राची चांगली प्रत हवी असल्यास संग्रहालयाकडे अर्ज करावा, फी भरावी आणि वाट पाहावी, असा रिवाज होता. चित्रकार मरून चारशें वर्षें लोटलीं तरी त्याच्या चित्राच्या छायाचित्रावर संग्रहालयें हक्क सांगत. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणें चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं त्याचें चित्र सर्वांचें होतें. तथापि जें चित्र कुलपांत आहे तें सर्वांचें झालें काय आणि न झालें काय! कुलूप निघालें ही या काळांतील खरोखर मोठी गोष्ट आहे, आणि तिची वाच्यता व्हावी तितकी झालेली नाहीं.

एवढालीं चित्रें हातभर यंत्रांत कशीं मावतात, असें कोणी विचारील. त्याची युक्ति सोपी आहे. चित्राचे फरशीसारखे लहान लहान चौरस तुकडे करून ते दूरच्या संगणकांत ठेविलेले असतात. संपूर्ण चित्र पाहावयाचें तेव्हां त्याची ठेंगणी प्रत पुढें येते. दोन बोटांनीं तें ताणून एका कोपऱ्याकडे गेलें म्हणजे फक्त त्या कोपऱ्याचे बारीक तुकडे येतात. गांवच्या तलाठ्यानें सबंध तालुक्याचा नकाशा न उलगडतां हव्या त्या सर्व्हे नंबराचा तेवढाच कागद काढावा, तसाच हा प्रकार. यामुळें ज्या चित्रापुढें संग्रहालयांत दोरी बांधलेली असते त्याच्या पृष्ठभागावर येथें नाक टेंकवून पाहतां येतें.

आतां गेंडा. हत्ती, सिंह, मोर यांना आपल्या शिल्पांत आणि काव्यांत मोठा मान मिळाला; गेंड्याच्या वाट्याला मराठींत एक वाक्प्रचार तेवढा आला, आणि तोहि कौतुकाचा नव्हे. निंदेचा ज्याच्यावर परिणाम होत नाहीं त्याची कातडी गेंड्याची म्हणावयाची. दुसरा त्याचा उपयोग ढालीला होई. वस्तुतः हें जनावर या भूमीला अपरिचित नव्हतें. मोहेंजोदडो येथें निघालेल्या मुद्रांवर तें कोरलेलें आहे. आणि सन १९७४ मध्यें प्रवरेच्या कांठीं, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील दायमाबाद येथें, ज्या चार जड ओतीव वस्तु सांपडल्या त्यांत चाकांवर उभा असलेला एक गेंडा आहे. 

युरोपांत मात्र रोमन साम्राज्याचा काळ गेल्यापासून हजार वर्षांत कोणीं जिवंत गेंडा पाहिला नव्हता. तो योग सन १५१५ मध्यें आला, आणि तो गोव्याच्या वाटेनें आला. पोर्तुगिजांचा गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याला दीव येथें किल्ला बांधावयाचा होता. त्यासाठीं त्यानें गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याजकडे वकील पाठविले. सुलतानानें किल्ल्याची परवानगी दिली नाहीं. मात्र नजराण्यादाखल एक गेंडा दिला. नकार गोड करण्याकरितां गेंडा देणारा मुत्सद्दी इतिहासांत दुसरा झाला नसेल. अल्बुकर्कनेंहि तें धूड आपल्यापाशीं ठेवून काय करावयाचें असा विचार करून तें आपल्या राजाकडे रवाना केलें. जानेवारींत गोव्याहून निघालेलें जहाज २० मे रोजीं लिस्बनला पोंचलें. हत्ती आणि गेंडा यांचें हाडवैर असतें असें प्लिनी नांवाचा प्राचीन रोमन ग्रंथकार लिहून गेला होता. त्याची परीक्षा पाहावी म्हणून राजा मान्युएल यानें दोघांची झुंज लाविली. हत्ती वयानें लहान होता. तो गेंड्याला पाहतांच पळून गेला, आणि प्लिनीचें म्हणणें सिद्ध झालें असें सर्वांनीं मानलें.

लिस्बनहून कोणीएकानें या प्राण्याचें वर्णन आणि एक रेखाटन जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं धाडलें. तेथें आल्ब्रेख्त ड्यूरर हा त्या काळचा थोर चित्रकार राहत होता. त्यानें गेंडा जन्मांत पाहिला नाहीं. परंतु त्या पत्रावरून त्यानें प्रथम शाईनें एक चित्र काढलें आणि नंतर तें लांकडी ठशावर उतरवून छापविलें. शाईचें मूळ चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे आणि ठशाच्या प्रती अनेक संग्रहालयांत आहेत. मोबाइलवर दोन्ही एकापुढें एक ठेवून पाहिलीं म्हणजे पहिली गंमत अशी दिसते कीं, गेंड्यानें दिशा बदलली आहे. ठसा कागदावर उलटा उमटतो, त्याचा हा परिणाम. दोहोंच्या मध्यें खरें म्हणजे मोठा समुद्र आहे, पण कांचेवर तीं शेजारी शेजारी बसतात.

मग चित्र मोठें करीत जावें. मानेभोंवतीं शिपायाच्या चिलखताची पट्टी. खांद्यावर पत्रा, बरगड्यांवर पत्रा, पुठ्ठ्यावर पत्रा. पत्र्यांच्या कडांना खिळे मारल्यासारखे गोल ठिपके. पायांवर माशासारखे खवले. आणि खांद्यांच्या वर, मानेच्या मुळाशीं, पिळाचें एक चिमुकलें दुसरें शिंग. हें पाहून शाळेंतील पोरहि हंसेल. परंतु हंसून झाल्यावर एखाद्या खऱ्या भारतीय गेंड्याचें छायाचित्र शेजारीं ठेवावें. त्याच्या कातडीला खरोखरच जाड घड्या असतात आणि दुरून त्या जोडलेल्या पत्र्यांसारख्या दिसतात. खांद्यावर आणि पुठ्ठ्यावर टेंगळांचे दाणेहि असतात, ते खिळ्यांच्या डोक्यांसारखे दिसतात. म्हणजे ज्यानें पाहिलें त्यानें नीट पाहिलें, ज्यानें लिहिलें त्यानें उपमा बरी दिली, आणि ज्यानें चितारलें त्यानें ती उपमा खरी धरली. मराठे शिलेदार गेंड्याच्या अंगावरचें चिलखत उतरवून त्याची ढाल करीत; ड्यूररनें चिलखत घेऊन तें गेंड्याच्या अंगावर चढविलें. पाठीवरच्या शिंगाचा खुलासा मात्र असा सरळ होत नाहीं. चित्राच्या वरच्या मजकुरांत सालहि चुकलेलें आहे. १५१५ च्या जागीं १५१३ छापलें आहे.

आणखी मोठें केलें म्हणजे गेंडा नाहींसा होतो आणि नुसत्या काळ्या रेघा उरतात. येथें थांबण्यासारखें आहे. लांकडाच्या ठशांत जी रेघ कागदावर काळी यावयाची ती कोरावयाची नसते. तिच्या दोन्ही बाजूंचें लांकूड कोरून काढावयाचें असतें. पोटाखालच्या सावलींतील केंसासारखी एक रेघ उमटविण्यासाठीं कोरणाऱ्यानें दोन वेळां पटाशी चालविली आहे, आणि अशा रेघा त्या एका जनावराच्या अंगावर किती आहेत हें मोजूं गेल्यास मोजणारा थकून जाईल. ज्या कारागिराच्या हातानें त्या कोरल्या त्याचें नांव चित्रावर नाहीं. चित्रावर अक्षरें आहेत तीं ड्यूररचीं.

त्याच वर्षीं जर्मनींतील औग्सबुर्ग येथें हान्स बुर्कमायर नांवाच्या दुसऱ्या चित्रकारानेंहि त्याच गेंड्याचा ठसा काढला. त्याच्या गेंड्याला पत्रे नाहींत, पाठीवर शिंग नाहीं. पुढच्या पायांना बांधलेला दोरखंड मात्र आहे. कैदी जनावर तें, त्याला दोर असणारच. सत्याच्या हा कितीतरी जवळ. परंतु ड्यूररच्या ठशाच्या आठ आवृत्त्या निघाल्या, गेस्नर या पंडितानें सन १५५१ मधील आपल्या प्राणिग्रंथांत त्याचीच नक्कल घातली, आणि जर्मन शाळांच्या पुस्तकांतून तो चिलखती गेंडा विसाव्या शतकापर्यंत वावरत राहिला. बुर्कमायरच्या ठशाची आज एकच प्रत उरली आहे, ती व्हिएन्ना येथील आल्बर्टिना संग्रहालयांत. एकमेव प्रत म्हटलें कीं पूर्वीं ती पाहण्यास व्हिएन्नाच गांठावें लागे.

ज्याच्यामुळें हें सर्व घडलें त्या गेंड्याचा शेवट दुःखाचा झाला. राजानें तो रोमला पोप दहावा लिओ याजकडे भेट म्हणून पाठविला. सन १५१६ च्या आरंभीं इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळांत सांपडून बुडालें. गेंडा उत्तम पोहणारा प्राणी आहे; परंतु त्याला जहाजावर सांखळदंडांनीं जखडून ठेविलेलें होतें.

यानंतरच्या एका मादीची कथा थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळें युरोपियन चित्रकारांची नजर सुधारली. आई मारली गेल्यामुळें पोरकें झालेलें तें पिल्लूं बंगालमध्यें डच कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या घरीं माणसाळलें. डाउवे मौट फान डर मेर नांवाच्या कप्तानानें सन १७४१ मध्यें तिला हॉलंडला नेलें आणि पुढें सतरा वर्षें, सन १७५८ मध्यें लंडन येथें ती मरेपर्यंत, बर्लिन, व्हिएन्ना, पॅरिस, व्हेनिस अशा शहरांतून तिकीट लावून तिचें प्रदर्शन केलें. लोकांनीं तिचें नांव क्लारा ठेविलें होतें. लायडन येथील आल्बिनस या शरीरशास्त्रज्ञाच्या सन १७४७ मधील ग्रंथांत त्वचा उतरविलेल्या मानवी देहाच्या पाठीमागें शांतपणें चरणारी ही क्लारा यान वांडेलार यानें चितारली आहे. स्नायू दाखविण्याच्या चित्रांत गेंडा कां, याचा विचार करीत बसावें असें तें विलक्षण पान आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानें तें सर्वांसाठीं खुलें केलें आहे.

उद्री या फ्रेंच चित्रकारानें सन १७४९ मध्यें तिचें पूर्णाकृति चित्र रंगविलें, तें जर्मनींतील श्वेरीन येथें आहे. येथें मोबाइलवर चित्र पाहणाराची एक मोठी फसवणूक होते, ती ध्यानांत ठेवावी. ड्यूररचा ठसा वीतभर उंच आहे. उद्रीचें चित्र सुमारें तीन मीटर उंच आणि साडेचार मीटर लांब आहे. कांचेवर दोन्ही सारख्याच आकाराचीं दिसतात. संग्रहालयें चित्राखालीं लांबी-रुंदी लिहितात, पण ती वाचावयाची सवय फारच थोड्यांना असते. दोरीनें घराच्या भिंतीवर साडेचार मीटर मोजून पाहावें. बहुतेकांच्या घरीं तेवढी भिंतच निघावयाची नाहीं. मग त्या जनावरापुढें उभें राहिल्यावर पॅरिसच्या लोकांना काय वाटलें असेल याची कांहीं कल्पना येते. रंगाचेंहि तेंच. एकाच चित्राचा करडा रंग एका यंत्रावर निळसर तर दुसऱ्यावर तपकिरी दिसतो, म्हणून कांचेवरील रंगावरून चित्रकाराच्या रंगाबद्दल मत देण्याची घाई करूं नये.

व्हेनिसच्या पिएत्रो लोंगी यानें सन १७५१ च्या सुमारास क्लाराचें जें चित्र काढलें तें या सर्वांत चतुर आहे. क्लारा गवत खात उभी आहे. तिचें शिंग गळून पडलेलें आहे आणि तें रखवालदाराच्या हातांत आहे. मागें मुखवटे घातलेले शिष्ट स्त्रीपुरुष. त्यांतील कित्येकांची नजर गेंड्याकडे नाहींच. पैसे मोजून ते आले होते.

हे सर्व परदेशचे गेंडे झाले. हिंदुस्थानांतील चित्रकारांनीं काय केलें असें मनांत येणें स्वाभाविक आहे, आणि रूळ आपल्या हातीं असला म्हणजे त्या प्रश्नाच्या मागें लगेच जातां येतें. ड्यूररचा ठसा निघाल्यावर थोड्याच वर्षांनीं बाबर बादशहानें आपल्या आठवणी लिहिल्या. तींत त्यानें गेंड्याचें वर्णन केलें असून, तो हत्तीला शिंगावर उचलतो या परदेशांत पसरलेल्या समजुतीवर आपला विश्वास नसल्याचें स्पष्ट सांगितलें आहे. अकबराच्या काळीं त्या ग्रंथाच्या सचित्र प्रती तयार झाल्या. त्यांपैकीं एका प्रतीचीं कांहीं पानें अमेरिकेंतील बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयांत आहेत आणि त्यांत पेशावराजवळच्या गेंड्याच्या शिकारीचें एक पान आहे. पान लहान, पण त्यांत घोडे, स्वार, झुडपें आणि खडक यांची इतकी गर्दी कीं साध्या डोळ्यांना शीण यावा. मोठें करून पाहण्याची सोय मुघल चित्रांना जितकी मानवते तितकी क्वचितच कशाला मानवत असेल.

परंतु मराठी माणसानें थबकून राहावें असें चित्र याच्या पुढें आहे. येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रांत एक कागद आहे. त्यावर गेंडा चितारलेला आहे. नोंदींत स्थळ दिलें आहे तें पेशव्यांचा पुण्याचा प्राणिसंग्रह; काळ, नोव्हेंबर १७९०; आणि चित्रकार, गंगाराम चिंतामण तांबट.

पर्वतीच्या पायथ्याशीं पेशव्यांचा शिकारखाना होता. सवाई माधवराव त्या साली सोळा वर्षांचे होते आणि त्यांना जनावरांची फार आवड होती. इंग्रजांचा वकील चार्ल्स वॉर मॅलेट हा सन १७८६ पासून पुण्याच्या दरबारीं होता. गंगाराम हा त्याच्यासाठीं चित्रें काढीत असे. वेरुळच्या लेण्यांचीं त्यानें काढलेलीं चित्रेंहि याच संग्रहांत आहेत. पुढें जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला. त्यानें सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांचीं चित्रें रंगविलीं आणि गंगारामानें त्याच्या बरोबरहि काम केलें. वेल्सचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत आढळतें. गंगारामाचें नांव पुष्कळ पुणेकरांनाहि ठाऊक नाहीं.

त्या गेंड्याच्या पाठीवर दुसरें शिंग नाहीं. अंगावर पत्रे नाहींत, पायांवर खवले नाहींत. समोर जनावर उभें आहे आणि चित्रकार तें पाहून काढीत आहे, एवढाच मामला. त्याला कोणाचें पत्र वाचावें लागलें नाहीं आणि प्लिनी काय म्हणतो याची त्याला कांहीं पर्वा नव्हती. योगायोग असा कीं, त्याच सुमारास लंडनमध्यें एका खेळवाल्याच्या प्राणिसंग्रहांत एक भारतीय गेंडा आलेला होता आणि जनावरांच्या चित्रांबद्दल सर्व इंग्लंडांत प्रसिद्ध असलेला जॉर्ज स्टब्ज हा त्याचें तैलचित्र करीत होता. तें लंडनच्या शल्यवैद्यांच्या महाविद्यालयांतील हंटर संग्रहांत आहे. पुण्याचा कागद आणि लंडनचें तैलचित्र हीं आपापल्या ठिकाणीं राहूनच कांचेवर शेजारीं बसवितां येतात. दोन शहरें, दोन हात, एकच जातीचें जनावर, आणि मधें दोघांना एकमेकांची वार्ताहि नाहीं. स्टब्जजवळ तैलरंग होते, शरीरशास्त्राचें ज्ञान होतें, आयुष्यभराचा लौकिक होता. गंगारामाजवळ कागद होता. त्याचा गेंडा त्या शेजाराला लाजत नाहीं, हें पाहणाऱ्याचें समाधान होय, आणि हें समाधान आपल्या गांवच्या अभिमानांतून आलेलें आहे कीं चित्रांतून, याची प्रत्येकानें दोन्ही चित्रें पुन्हा पुन्हा पाहून खात्री करून घ्यावी.

मॅलेट विलायतेस परतला आणि पुण्यांत निघालेले हे कागदहि देशाबाहेर गेले. पॉल मेलन नांवाच्या अमेरिकन धनिकानें ब्रिटिश कलेचा जो प्रचंड संग्रह जमवून येल विद्यापीठास दिला त्यांत ते आज आहेत. पुण्याचा गेंडा पुण्यांत कां नाहीं, असा संताप कोणास आल्यास तो अगदींच गैरवाजवी म्हणतां येणार नाहीं. मात्र पुण्यांत राहता तर तो कागद आज कोणत्या अवस्थेंत असता, याचाहि विचार त्याच संतापाच्या पोटीं करावा. ज्यांनीं दुरुस्तीच्या नांवाखालीं चुना फांसलेलीं वाड्यांतील भिंतीचित्रें पाहिलीं आहेत त्यांना अधिक सांगावयास नको.

यांतून एक नवीनच भीति उत्पन्न झाली आहे. विनामूल्य मिळालेलीं चित्रें हातोहात पसरतात, आणि पसरतांना त्यांच्या खालची नोंद गळून पडते. आज एखाद्यानें हें चित्र कापून ‘जुन्या पुण्यांतील गेंडा’ एवढ्याच शब्दांनिशीं पुढें धाडलें कीं उद्यां तें हजारांकडे जाईल आणि गंगाराम दुसऱ्यांदा हरवेल. न्यूरेंबर्गच्या त्या पटाशीवाल्यासारखा. त्यांतच सन २०२२ पासून यंत्रानें क्षणांत बनविलेलीं चित्रें जुन्या चित्रांच्या वेषांत फिरूं लागलीं आहेत. पेशव्यांच्या अंगणांतील गेंडा काढ असें यंत्रास सांगितलें तर तें हवे तितके गेंडे काढून देईल, कदाचित् चिलखतासह. खरें चित्र ओळखण्याची एक साधी खूण आहे: तें कोणत्या संग्रहालयांत आहे, त्याचा तेथील नोंदणी क्रमांक काय, त्याची लांबी-रुंदी किती, हें सांगतां आलें पाहिजे. जें चित्र हें सांगूं शकत नाहीं त्याची वाटेंत भेटलेल्या अनोळखी इसमाप्रमाणें विचारपूस करावी.

ज्या श्रोत्यांना हें चित्र पाहावयाचें असेल त्यांनीं येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्राचें संकेतस्थळ उघडून शोधाच्या चौकटींत ‘गंगाराम’ हा शब्द रोमन लिपींत लिहावा. घरांत नातवंड असल्यास तें हें काम अर्ध्या मिनिटांत करून देईल. वेरुळचीं लेणीं निघतील, तींहि पाहावींत. त्यांतच कोठेंतरी नोव्हेंबर १७९० मधला तो गेंडा उभा आहे.